संत ब्लेझचा कोंबडा

माझ्या निशीच्या गळ्यावर, हनुवटीच्या जरा खाली, एक बारीक तीळ आहे. तिनं घोट गिळला की तो तीळ वर जातो आणि परत खाली येतो. त्या हिवाळ्यात माझा सगळा जीव त्या तिळावर टांगलेला होता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझ्या नवऱ्यानं, रितेशनं, दासगावहून खाडीची बोय मासळी आणली होती. काटे त्यानं काढले, मग मी बोटांनी चाचपून बघितले, आणि तरीही एक राहिला. निशीचे ओठ निळे पडलेले मी पाहिले. दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्यानं काटा काढून तळहातावर ठेवून दाखवला, तर तो माझ्या नखाएवढाही नव्हता. त्यानंतर निशीनं चावून गिळायचं सोडलं, ते सोडलंच. दूध, पेज, गाळून घेतलेलं वरण एवढंच. पेजेत भाताचं एखादं शीत राहिलं तर ती ते जिभेनं शोधून बोटावर काढायची आणि माझ्यापुढे धरायची. 

"घसा अगदी स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "पोर घाबरलीय. भीती गेली की खाईल."

भीती कशानं जाते ते मात्र चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. मी मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी केलंय. जंतू कशानं मरतात हे मला विचारा. मी भांडी उकळत होते, पेज गाळत होते, आणि समोर बसून तिच्या गळ्यातला तो तीळ बघत होते. जानेवारीत वजन आणखी उतरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फेब्रुवारीत बघू. नाहीच सुधारलं तर मुंबईला न्यावं लागेल. नाकातून नळी घालून काही दिवस अन्न द्यावं लागतं कधीकधी." निशी माझ्या मांडीवर बसून हे ऐकत होती. तेव्हापासून ती गळ्याला मफलर गुंडाळून बसायला लागली. आंघोळीलासुद्धा तो काढताना रडारड व्हायची.

आमच्या खालच्या मजल्यावर ब्रिजित मावशी राहतात. मूळच्या वसईच्या. पीटर काका इथल्या एमआयडीसीत बॉयलरवर होते, ते निवृत्त झाले तरी दोघं महाडलाच राहिली. मावशी कपडे शिवतात. मी निशीचे फ्रॉक बाजूनं आत घ्यायला त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"लोक पोरींचे फ्रॉक सैल करायला आणतात गं. तू आत घ्यायला आणतेस?"

मी मागे उभ्या असलेल्या निशीला पुढे केलं. त्यांनी फ्रॉक बाजूला ठेवला आणि निशीला मशीनजवळच्या स्टुलावर बसवलं. मशीनच्या वर भिंतीवर एक चित्र होतं. उंच टोपी घातलेला दाढीवाला म्हातारा, हातात दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरलेल्या. सकाळी पहिला टाका घालण्याआधी मावशी त्या चित्राला हात लावतात आणि मग तोच हात स्वतःच्या गळ्याला लावतात, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. विचारलं कधी नव्हतं.

"हा कोण?" निशीनं विचारलं.

"हा संत ब्लेझ. आमच्या घराचा आश्रयदाता. पूर्वी एका मुलाच्या घशात माशाचा काटा अडकला होता. त्याच्या आईनं त्याला या ब्लेझकडे आणलं. त्यानं प्रार्थना केली आणि काटा निघाला."

निशी चित्राकडे बघत राहिली. मग मफलरमधूनच म्हणाली, "मग त्या मुलानं काय खाल्लं?"

मावशी थबकल्या. "ते नाही बाई कुठे लिहिलेलं. इतकी वर्षं ऐकतेय मी ही गोष्ट, पण हे मला कधी सुचलंच नाही विचारायला."

"त्याला विचारा."

"विचारते," मावशी म्हणाल्या, आणि त्या गंमत करत नव्हत्या.

मग मला म्हणाल्या, "तीन तारखेला त्याचा सण. आदल्या दिवशी मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात आणि तीन तारखेला त्याच मेणबत्त्या गळ्याला लावून गळ्यासाठी प्रार्थना करतात. पेटवत नाहीत, घाबरू नकोस. आमचे फादर दुपारी येतील. घेऊन ये तिला."

"आम्ही तुमच्यातले नाही मावशी. चालेल?"

"घसा सगळ्यांना असतो."

मी त्यांना विचारलं की तुमचा यांच्यावर एवढा विश्वास कसा. त्यांनी मशीनमध्ये दोरा ओवत सांगितलं की त्यांचा मेल्विन लहानपणी घटसर्पानं आजारी पडला होता. इंजेक्शनं चालू होती, डॉक्टर चांगले होते. "पण मी डोळा मिटत नव्हते. मला वाटायचं, माझी नजर हलली की याचा श्वास थांबेल. तिसऱ्या रात्री माझी सासू म्हणाली, ब्रिजित, तू झोप, ब्लेझ बसलाय त्याच्याजवळ. मी झोपले. बरं केलं ते डॉक्टरांनी आणि देवानं. पण मला झोपवलं ते ब्लेझनं." दोरा सुईत गेला. "आता मेल्विन आखातात असतो, दोह्याला, आणि फोनवर एकदा बोलायला लागला की गप्प बसत नाही. घसा जरा जास्तच बरा झाला."

मी हसले, पण ते झोपेचं मनात राहिलं. मी शेवटची कधी झोपले होते ते मला आठवत नव्हतं.

हे सगळं मी फोनवर सासूबाईंना सांगितलं. सासूबाई, ठमाबाई, उमरठच्या वरच्या वाडीत असतात. फोनवर त्या नेहमी ओरडून बोलतात, कारण वाडीत रेंज एका दगडावरच येते.

"कोन म्हनालीस? बेलेज?"

"ब्लेझ. संत आहेत त्यांचे. घशाचे राखणदार म्हणा."

"राखनदार हाय ना? मग झालं. कधी हाय त्याचं?"

मी तारीख सांगितली. पुढचं काही त्यांनी विचारलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दोन तारखेला दुपारी त्या दारात उभ्या. उमरठहून पोलादपूर, पोलादपूरहून महाड, असा एसटीचा प्रवास करून आलेल्या. काखेत कापडी पिशवी, आणि पिशवीतून बाहेर आलेली एक लाल तुऱ्याची मान. कोंबडा माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होता.

"आई, हे काय?"

"बेलेजाचा हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? मी बोललेय त्याला. माज्या नातीचा गला मोकला कर, तुला तांबडा कोंबडा दीन. त्या दिवशी फोन ठेवला नि तितंच दगडावर बोलले."

मी डोक्याला हात लावला. वाडीत त्यांच्या राखणदाराला नवसाचा कोंबडा देतात, ते मी विसरलेच होते. "अहो आई, त्यांच्यात कोंबडा नाही देत. ते मेणबत्ती लावतात. चर्चमध्ये कोंबडा घेऊन गेलो तर काय म्हणतील?"

"राखनदाराला कोंबडा चालत नाय?" सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणाले होते. "मग तो राखन कशावर करतो गो? मेनावर?"

रितेश कामाच्या पाळीला निघाला होता. पिशवीकडे बघून म्हणाला, "आये, टेन्शन नको देऊस हिला. आपन रविवारी रस्सा करू ना त्याचा."

"हात तर लाव," सासूबाई म्हणाल्या. रितेश शिटी वाजवत जिना उतरला.

मला खरंच भीती वाटत होती. ब्रिजित मावशींनी आपुलकीनं बोलावलं होतं, आणि आम्ही त्यांच्या देवघरात कापायचा कोंबडा घेऊन जाणार. त्यांचा अपमान झाला असता. पण सासूबाईंना गप्प करणंही माझ्या हातात नव्हतं. माझं-त्यांचं चाललेलं असताना त्या निशीला घेऊन सरळ खाली गेल्या, पिशवीसकट. मी मागोमाग धावले.

ब्रिजित मावशी बटणं लावत होत्या. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, चित्राकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "हाच का तो?"

"हाच."

"कुठला म्हनायचा?"

"आर्मेनियाचा."

"पनवेलच्या पुढं?"

"बराच पुढे, ताई. समुद्र ओलांडून."

"मग त्याला हिकडची वाट कोनी दावली?"

"माझ्या सासूनं वसईत दाखवली. तिथून मी इकडे आणलं त्याला, ट्रंकेत घालून."

सासूबाईंनी मान हलवली, समाधानानं. "आमचा पन असाच आला. घाटावरून कुनी डोक्यावर घेऊन. देव चालत येत न्हाईत, बाया आनतात." मग पिशवीकडे बोट केलं. "ही सून म्हनते तुमच्यात चालत नाय. मी तर बोलून बसले."

मी काहीतरी सावरायला तोंड उघडलं, पण मावशींनी मला हातानंच थांबवलं. त्या खाली बसल्या, कोंबड्याच्या तुऱ्यावरून एक बोट फिरवलं.

"बोललात त्याला?"

"बोलले."

"मग न्यायलाच हवा. दिलेला शब्द आहे." मावशींनी माझ्याकडे वर बघितलं. "कापत नाही आम्ही, एवढंच. आणि ब्लेझ डोंगरातल्या गुहेत राहायचा गं. आजारी जनावरं, पाखरं आपणहून त्याच्या दारात येऊन बसायची. कोंबडा त्याला नवा नाही."

"बग," सासूबाई मला म्हणाल्या.

तीन तारखेला दुपारी आम्ही निघालो. महाडमधली कॅथलिक घरं मोजकीच. कुणी वसईकडची, कुणी मंगळूरकडची, दोन-तीन केरळच्या नर्सेस. एका दुमजली घरातल्या वरच्या खोलीत त्यांची प्रार्थना होते. फादर रेमंड बाहेरगावाहून येतात आणि संध्याकाळी पुढच्या गावाला जातात. खोलीत टेबलावर पांढरं कापड, ब्लेझचं तसंच एक छोटं चित्र, आंब्याच्या मोहोराची एक डहाळी आणि लाल फितीनं फुलीसारख्या बांधलेल्या दोन मेणबत्त्या. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. पिशवी सासूबाईंच्या मांडीवर. सगळा वेळ मी कोंबड्याच्या चोचीकडे आणि निशीच्या मफलरकडे आळीपाळीनं बघत होते.

मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य प्रार्थना, संपल्यावर लोक रांगेत उभे राहिले. फादर मेणबत्त्या एकेकाच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी अलगद टेकवत आणि हळू आवाजात म्हणत, संत ब्लेझच्या मध्यस्थीनं देव तुला घशाच्या प्रत्येक आजारापासून दूर ठेवो. म्हातारे, नर्सेस, मिसरूड फुटलेली पोरं, सगळे हनुवटी वर करून उभे राहत. किती निमूट. मला आश्चर्य वाटलं ते त्याचं. गळा म्हणजे माणसाची सगळ्यात उघडी जागा, आणि एवढी मोठी माणसं ती जागा पुढे करून डोळे मिटत होती. ब्रिजित मावशींची पाळी आली तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या शाळकरी मुलीसारखा झाला.

मग आमची पाळी. फादर वाकले तशी निशीनं दोन्ही हातांनी मफलर घट्ट धरला आणि माझ्या साडीत तोंड खुपसलं. मेणबत्त्या तिला डॉक्टरांच्या चिमट्यासारख्या दिसल्या असणार. मी तिचे हात सोडवायला लागले. ती किंचाळली नाही, तिनं फक्त मफलर दातांत धरला.

"राहू दे," फादर म्हणाले. "जबरदस्ती नको."

मला वाटलं, संपलं. आता मुंबई. आता नळी.

तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी पिशवीतून कोंबडा काढून फादरांच्या समोर धरला. खोलीत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. फादर तरुण होते. त्यांनी आधी कोंबड्याकडे, मग सासूबाईंकडे, मग ब्रिजित मावशींकडे पाहिलं.

"मावशी, इथे बळी देत नाहीत," ते हळूच म्हणाले.

"मी कुठं कापा म्हनते? तुमच्या बाईनी सांगितलंय मला सगलं. मी बोललेय त्याला, तांबडा कोंबडा दीन. त्याला दिला. तुमी त्याच्या वतीनं घ्या. नाय घेतलात तर माजा सबूद जातो."

"नातीचा गळा बरा झाल्यावर फेडायचा ना पण नवस?"

"त्याचा इस्वास हाय मला. उधारी कशाला ठेवू?"

फादरांनी मेणबत्त्या टेबलावर ठेवल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी कोंबडा घेतला, टेबलावरच्या त्या चित्राकडे वळले, त्याला वर करून दाखवला आणि परत सासूबाईंच्या हातात दिला.

"स्वीकारला," ते म्हणाले. "आता हा त्याचा झाला. त्याच्या कोंबड्याला आशीर्वाद नको का?"

आणि त्यांनी मेणबत्त्या उचलल्या. मला वाटलं होतं आता हसतील लोक. कुणी हसलं नाही. ब्रिजित मावशींनी तर हात जोडले. फादरांनी त्या कोंबड्याच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी मेणबत्त्या टेकवल्या, बाकी सगळ्यांसाठी वापरला त्याच आवाजात, तेवढ्याच सावकाशीनं. कोंबड्यानं मान ताठ केली. डोळ्यांवर पातळ पापणी ओढली. मेणबत्त्या बाजूला झाल्या तशी त्यानं पंख झटकले आणि असा काही आरवला, की खिडकीची काच वाजली.

आता मात्र सगळे हसले.

निशीनं माझ्या साडीतून तोंड बाहेर काढलं होतं. "त्याला दुखलं नाही," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, स्वतःशीच. मग तिनं मफलरची एक घडी सोडली. मग दुसरी.

मी खाली वाकून तिच्या गळ्याकडे बघायला लागले. माझ्या खांद्यावर ब्रिजित मावशींचा हात पडला.

"समीक्षा, डोळे मिट."

"मावशी, ती..."

"मिट. इतके दिवस तू बसलीस राखणीला. आता थोडा वेळ त्याला बसू दे."

मला ते किती जड गेलं ते सांगता येणार नाही. पापण्या खाली आल्या, जणू मी तिचा हात पाण्यात सोडला होता. फादरांचा आवाज ऐकू आला. मेणाचा मंद वास आला. आणि मी डोळे उघडले नाहीत. माझ्याशिवाय कुणीतरी तिच्याकडे बघतंय, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा खरं मानून बघितलं. मी त्यांच्यातली नाही, उद्याही नसेन. पण त्या म्हाताऱ्या संताला तेवढ्या वेळापुरतं मी माझं सगळं सोपवलं.

खाली अंगणात चहा होता आणि ब्रिजित मावशींनी पहाटे उठून तळलेले फुगे. मैद्याचे, जरासे गोड, पोकळ गोळे. वसईकडे सणाला करतात. मावशींनी माझ्या हातात कपांचं ताट दिलं. "एवढे विसळून टाक नळावर."

नळ भिंतीकडे होता. अंगणाकडे पाठ करून उभं राहावं लागत होतं. मावशींनी ते काम मला का दिलं हे मला कळलं, आणि मी गेले.

मागे सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. कोंबडा सुटा होता, पण पळत नव्हता. निशीचा आवाज आला, "आजी, हा खाईल?"

"तू घालून बघ. तो काय, दगड पन खातो."

पायरीवर चोच टकटकली. मग निशी म्हणाली, "बघ, गळ्यातून गोळा खाली गेला."

"जानारच. बेलेजानं वाट मोकली केलीय त्याची."

"माझी पण केली?"

"तुजी त्याच्या मागून केली. मी बगितलं ना."

मी कप विसळला. परत विसळला. पाण्याचा आवाज मोठा वाटायला लागला म्हणून नळ बारीक केला. मागे शांतता होती, आणि ती शांतता मला माहीत असलेली नव्हती. माझी मान वळायला लागली.

"समीक्षा," सासूबाई म्हणाल्या. फोनवर ओरडणाऱ्या माझ्या सासूबाई इतक्या हळू बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. "मागं नको बगू गो."

मी भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर मुंग्यांची ओळ होती. मी मुंग्या बघितल्या. ओठांशी काहीतरी पुटपुटले, प्रार्थना नव्हती ती, नुसतं, अहो, बघा तिच्याकडे, बघा तिच्याकडे. संताला अहो म्हणतात की अरे, तेही मला ठाऊक नव्हतं.

मग निशी म्हणाली, तोंड भरलेल्या माणसाचा आवाज असतो तशा आवाजात, "आजी, आतून पोकळ आहे."

"पोकल हाय? मग त्यात काय आवघड हाय? चाव नि गीळ."

"गिळलं."

"मग?"

"अजून एक दे. त्याला नको, मला."

माझ्या हातातला कप ताटात पडला. फुटला नाही. ब्रिजित मावशी कधी शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता मिळालं गं उत्तर. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. त्या मुलानं फुगा खाल्ला."

निशी त्या दिवसापासून सगळं खायला लागली असं नाही. आधी फुगे, मग पाव, मग मऊ भात. डॉक्टरांनी वजन बघितलं आणि मुंबईचं नाव काढलं नाही. मासा अजून खात नाही, आणि मी आग्रह करत नाही. जेवताना मी अजूनही तिच्याकडे बघते. पण आता कधीकधी उठून ओट्याशी काहीतरी करत बसते, पाठ करून. उठायच्या आधी मनातल्या मनात ब्लेझला म्हणते, बसा हो जरा. सासूबाईंनी ब्रिजित मावशींकडून एक मेणबत्ती मागून नेलीय, ती त्यांच्या देव्हाऱ्यात राखणदाराच्या नारळाशेजारी असते.

परवा मी निशीचे फ्रॉक घेऊन खाली गेले. मावशींनी चष्म्यावरून पाहिलं.

"आत घ्यायचे?"

"सैल करायचे," मी म्हणाले.

त्यांनी चित्राला हात लावला, मग स्वतःच्या गळ्याला, मग कात्री घेऊन आपणच घातलेले टाके उसवायला बसल्या. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला, दगडावरून. कोंबडा वाडीत मजेत आहे. रितेशच्या काकांनी सणाला मागितला, तर त्यांना सांगितलं, तो आपला नाय, बेलेजाचा हाय, नुसता सांभाळायला ठेवलाय.

"आन आरवतो असा गो," त्या ओरडल्या, "की खालच्या वाडीतली मानसं भांडायला येतात. गला लय मोकला झालाय त्याचा."

मी फोन मावशींच्या कानाला लावला.